भांडणातला तिसरा माणूस

(ऑडिओ भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ढंग होता तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं आणि तेच तेच परत बोललेलं काढून टाकलंय.)

आज मी मुर्रीहून बोलतोय. गोंदिया शहराला लागून असलेलं आमचं गाव. रोवणी आटोपलीय, बांध्यांमध्ये पाणी भरलंय, त्यामुळे बेडकांचा आवाज येईल. मधेच रेल्वेचा भोंगाही ऐकू येईल. त्याला इलाज नाही.

आजचा विषय एका पोराने दिला. आमच्याकडे संध्याकाळी चार-पाच पोरं येऊन बसतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्यातला एक जण मोबाईलवर काहीतरी बघत होता. कुठल्याशा शहरात भर रस्त्यात एकाला चौघं मारताहेत, बाजूला लोक उभे राहून शूटिंग करताहेत, असा व्हिडिओ. त्याने फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "काकाजी, आधीचे लोकं चांगले होते ना? आता तं रोजच मर्डर."

मी "हो रे बाबा, जमाना खराब आहे" असं म्हणून मोकळा झालो असतो. पण प्रश्न डोक्यात राहिला. खरंच आधीचे लोक चांगले होते का? माणसाची मारामारी वाढली की कमी झाली? आणि कमी झाली असेल, तर कशामुळे?

सुरुवात लांबून करू, मग आपल्या गावात येऊ.

हाडं काय सांगतात

सुदानमध्ये नाईल नदीच्या काठी जेबेल सहाबा नावाची जागा आहे. तिथे साधारण तेरा हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान सापडलं. शेती नाही, राजा नाही, गाव नाही, अशा काळातली माणसं. एकसष्ट जणांचे सांगाडे. २०२१ मध्ये त्यांची नव्याने तपासणी झाली, तेव्हा दोन-तृतीयांश सांगाड्यांच्या हाडांवर जखमांच्या खुणा निघाल्या. काही जखमा भरून आलेल्या होत्या. म्हणजे एकदा मार खाऊन जगलेला माणूस पुन्हा मार खाऊन मेला. अभ्यासकांचं म्हणणं असं की ही एक मोठी लढाई नव्हती, अधूनमधून पडणाऱ्या धाडी होत्या. बाई, पोर, कोणी सुटलं नव्हतं.

तेव्हा "आधीचे लोक चांगले" हे एवढ्यावरच डगमगायला लागतं.

स्टीव्हन पिंकर नावाच्या लेखकाने २०११ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहून असं मांडलं की माणसाच्या इतिहासात हिंसा कमी कमी होत आलीय. त्यावर बरीच टीका झाली, आणि काही टीका रास्त आहे. ज्या शतकात दुसऱ्या महायुद्धात पाच कोटींहून जास्त माणसं मेली, त्याला शांततेकडे जाणारं शतक म्हणताना जीभ अडखळतेच. पण पुस्तकातला एक भाग खोडणं कठीण आहे, तो म्हणजे रोजच्या जगण्यातले खून. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये लाख माणसांमागे वर्षाला वीसच्या आसपास खून होत असावेत, असा जुन्या कागदपत्रांवरून इतिहासकारांचा अंदाज आहे. आज तिथे तो आकडा एकाच्या आसपास आहे.

आपल्या देशाचं बघा. १९९२ च्या सुमारास भारतात लाखामागे साडेचारच्या आसपास खून नोंदले जात होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा आकडा आहे २८,५२२ खून, म्हणजे लाखामागे २.१. तीस वर्षांत निम्म्याहून कमी. आणि याच तीस वर्षांत टीव्ही चॅनेल आले, मोबाईल आला. खून कमी झाले, खुनाच्या बातम्या वाढल्या. पोराचा गैरसमज कुठून आला ते इथे दिसतं.

बंगालची अंगाई आणि आपण

आता जवळ येऊ. आपल्या गोंदियावरून हावडा मेल जाते. त्या गाडीने हावड्याला उतरून एखाद्या बंगाली आजीला विचारा, "बर्गी म्हणजे कोण?" ती सांगेल. लहान पोरांना झोपवायची एक अंगाई बंगालमध्ये घरोघरी म्हणतात, तिच्यात बर्गी येतात. आपण पोराला बागुलबुवा दाखवतो तसे.

हे बर्गी म्हणजे आपले लोक. बारगीर या शब्दावरून आलेलं नाव. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळायचा असा स्वार. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडमधलं रतनपूर घेऊन पुढे बंगालवर गेले. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं या स्वाऱ्या चालल्या. कोलकात्यातल्या लोकांनी भीतीपोटी शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच' पडलं. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या काळात या लुटीवर एक काव्य लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'महाराष्ट्र पुराण'. आपल्या नावाचं पुराण, पण ऐकवत नाही. जाळलेली गावं, पळणारी माणसं, बायकांवरचे अत्याचार.

आणि समोरची बाजू काय करत होती? १७४४ मध्ये नवाब अलीवर्दी खानाने भास्कररामांना मनकऱ्याला बोलणी करायला बोलावलं आणि तंबूतच त्यांचा आणि त्यांच्या सरदारांचा घात केला. मग पुन्हा स्वाऱ्या. शेवटी १७५१ मध्ये तह झाला. नवाबाने वर्षाला बारा लाख रुपये चौथ द्यायचं कबूल केलं, आणि ओडिशा भोसल्यांच्या हाताखाली गेला.

शाळेत आपण हे "पराक्रम" म्हणून शिकलो. मी पराक्रम नाकारत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती हिंसा रागातली नव्हती, ती वसुलीची पद्धत होती. पैसा द्या, नाहीतर गाव जाळतो. त्या काळी बहुतेक सगळे सत्ताधारी हेच करत होते. आणि ज्याचं गाव जळालं, तो बंगाली शेतकरी दाद मागायला कुठे जाणार होता? नवाबाकडे? तो स्वतःच पळत होता. भोसल्यांकडे? त्यांनीच तर माणसं पाठवली होती. मारणारा आणि मार खाणारा, दोघंच. मधे तिसरा कोणी नाही.

हा 'तिसरा' लक्षात ठेवा. आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवती आहे.

मग पाळी आपली आली

साठ-सत्तर वर्षांनी चाक फिरलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांनी मध्य भारतात धुमाकूळ घातला. हे आधी मराठ्यांच्या फौजांबरोबर फिरणारे स्वार. पगार नाही, लूट हाच पगार. मोठ्या फौजा खिळखिळ्या झाल्या तसे ते मोकाट सुटले, आणि नागपूरकर भोसल्यांचा मुलूखही त्यातून वाचला नाही. बंगालमधल्या आईने पोराला ज्या भीतीने झोपवलं, तीच भीती आता इकडच्या आईला.

१८१७-१८ मध्ये इंग्रजांनी मोठी मोहीम काढून पेंढारी संपवले. कसे संपवले ते बघण्यासारखं आहे. चितूचा पाठलाग झाला, तो जंगलात पळाला आणि वाघाने त्याला खाल्लं. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवलं. अमीरखानाने तर आधीच करार केला आणि तो टोंकचा नवाब झाला. म्हणजे काहींना मारलं, काहींना जमीन दिली, एकाला गादी दिली. धाड घालण्यापेक्षा घरी बसणं फायद्याचं झालं, की बरेच जण घरी बसतात.

त्याच वेळी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली. अप्पासाहेब भोसले हरले. १८१८ मध्ये त्यांच्या बाजूने आपल्या इथल्या कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल उठले, आणि कंपनीच्या फौजेने कामठा घेतला. गोंदियाहून आमगावच्या रस्त्याला आपण ज्या गावावरून जातो, तेच कामठा. पुढे १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं.

यानंतर रस्त्यावरची लूटमार कमी झाली. भांडण झालं तर कचेरीत जा, अशी सोय झाली. आता मधे तिसरा आला होता. पण म्हणून इंग्रजांची आरती ओवाळायची का? थांबा जरा.

तिसऱ्याच्या हातात काठी असते

तिसरा माणूस भांडण थांबवतो, कारण त्याच्याकडे सगळ्यांपेक्षा मोठी काठी असते. ती काठी तो कोणावर चालवेल, याची खात्री काय?

सम्राट अशोकाचं उदाहरण घ्या. कलिंगच्या युद्धाचा त्याला पश्चात्ताप झाला, हे आपल्याला तोंडपाठ आहे. तेराव्या शिलालेखात तो स्वतः सांगतो की एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख माणसं बंदी करून नेली, आणि त्याहून कितीतरी जास्त नंतर मेली. आपल्या हातून झालेल्या हत्येचा हिशेब त्याने पश्चात्तापाने दगडावर कोरून ठेवला. पण त्याच लेखात पुढे तो जंगलात राहणाऱ्या लोकांना इशाराही देतो. मला पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या हातात ताकद आहे, तेव्हा नीट वागा, असा त्याचा अर्थ. आपण झाडीपट्टीतले, जंगलातले. पश्चात्ताप सगळ्यांसाठी आणि धमकी आपल्यासाठी, असं वाचताना वाटतं.

इंग्रजांचंही तेच. १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाला. ऑक्टोबर महिन्यात सिवनी जिल्ह्यातल्या तुरिया गावी लोकांनी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार जण मेले, त्यात तीन आदिवासी बायका होत्या. आज आपण पेंचला वाघ बघायला जातो आणि तुरिया गेटवर जिप्सीत बसतो, तेच हे तुरिया. पेंढाऱ्यांपासून वाचवणारं सरकार गवतासाठी गोळी घालत होतं.

म्हणून नुसता तिसरा येऊन भागत नाही, त्याच्या काठीलाही नियम लागतात. राज्यघटना त्यासाठी आहे. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने पोलिसांनी अटक कशी करायची याचे नियम घालून दिले. नातेवाइकांना कळवा, अटकेचा कागद करा, वैद्यकीय तपासणी करा. हे नियम रोज पाळले जातात असं मी म्हणणार नाही. पण अशोकाला किंवा इंग्रजाला असा नियम घालून देणारं कोणी नव्हतं.

धुऱ्याची केस

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझा आजा आणि त्याचा चुलतभाऊ, दोघांच्या बांध्या लागून. मधे एक धुरा. दरवर्षी पावसाळ्याआधी धुऱ्यावर माती टाकायची, आणि ज्याच्या हातात फावडं तो धुरा वीतभर दुसऱ्याकडे सरकवायचा. एका वर्षी आज्याने मोजलं तर दोन हात जमीन गेलेली. आजा घरी आला, कुऱ्हाड घेतली आणि निघाला. आजी दारात आडवी झाली. ओरडली, रडली, तरी ऐकेना. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने हात धरला आणि म्हणाला, "मारशील तं फाशी जाशील. केस टाक."

आज्याने केस टाकली. मोजणीवाले आले, साखळी टाकली, नकाशा काढला. पलीकडच्याने तो नकाशा मान्य केला नाही. मग अपील. तेव्हा जिल्हा भंडारा होता, गोंदिया वेगळा झाला १९९९ ला. तारखेला भंडाऱ्याला जावं लागायचं, आणि गाडी एकच. त्यामुळे वादी आणि प्रतिवादी एकाच एसटीत बसायचे. पहिली दोन-तीन वर्षं एक पुढे, एक मागे. नंतर शेजारी. नंतर तर आजी म्हणायची, "दोन भाकरी जास्त बांधून देते, तो उपाशी येते." केस एकोणीस वर्षं चालली. आजा हरला. घरी आला, पाय धुतले, जेवला, झोपला.

आम्ही पोरं या केसची थट्टा करायचो. दोन हात जमिनीसाठी एकोणीस वर्षं, आणि जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त पैसा वकिलाला. पण आज मला वेगळं वाटतं. त्या एकोणीस वर्षांत कुऱ्हाड परत हातात आली नाही. दोन घरांत एकही माणूस मेला नाही, एकही तुरुंगात गेला नाही. कोर्टाची तारीख म्हणजे राग थंड करायची जागा होती. हळू होती, खर्चिक होती, कंटाळवाणी होती. पण कंटाळा आलेला माणूस खून करत नाही.

२०२२ च्या त्या २८,५२२ खुनांची कारणं बघा. सगळ्यात मोठं कारण वादविवाद, भांडणं. ९,९६२ खून त्यामुळे. त्याखालोखाल वैयक्तिक वैर, ३,७६१. चोरी-दरोडा नंतर येतो. म्हणजे आपल्याला भीती वाटते अनोळखी गुंडाची, आणि माणसं मरतात धुऱ्यावरून, पाण्यावरून, उधारीवरून, दारू पिऊन केलेल्या एका शिवीवरून.

व्हेरिअर एल्विन यांनी शेजारच्या बस्तरमध्ये हेच पाहिलं होतं. त्यांनी माडिया लोकांमधल्या खुनाच्या शंभर खटल्यांचा अभ्यास करून १९४३ मध्ये पुस्तक काढलं. कारणं कसली? दारूतलं भांडण, संशय, जादूटोण्याची भीती, जमीन, आणि चक्क थकवा. दिवसभर राबून आलेला माणूस, जेवण तयार नाही, आणि हाताशी कुऱ्हाड. त्यांना असंही दिसलं की शेजारीच राहणाऱ्या मुरिया लोकांमध्ये खून बरेच कमी होते. डोंगर तेच, जंगल तेच, कुऱ्हाडही तीच. मुरियांकडे घोटुल होतं, पोरं लहानपणापासून एकत्र राहून एकमेकांना सांभाळायला शिकत होती, हे एल्विन यांना महत्त्वाचं वाटलं. "अमुक जात मारकुटी, तमुक जमात भांडखोर" असं जे आपण सहज बोलतो, ते इथे खोटं पडतं.

आपल्या राज्याने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावचं भांडण गावातच मिटवा, बक्षीस घ्या. काही गावांत बक्षिसाच्या फलकापुरतीच राहिली, काही गावांत खरंच काम झालं. पण कल्पना बरोबर होती. कुऱ्हाड उचलायच्या आधी हात धरणारा म्हातारा प्रत्येक गावात असायला पाहिजे, आणि त्याचं ऐकलं गेलं पाहिजे.

जिथे तिसरा आला नाही

आता जड भाग. यावर बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

२९ सप्टेंबर २००६. खैरलांजी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. भोतमांगे कुटुंबातले चार जण, आई सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलं रोशन आणि सुधीर, यांना गावातल्या जमावाने मारून टाकलं. वडील भैयालाल तेवढे वाचले. कुटुंब दलित होतं, थोडी शेती होती, पोरं शिकत होती. शेतातून रस्ता काढण्यावरून वाद होता.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की या बाईने सगळं कायद्याने केलं होतं. त्याच महिन्यात एका माणसाला मारहाण झाली होती. त्या प्रकरणात सुरेखाबाई आणि प्रियंका यांनी साक्ष दिली, आरोपींची नावं सांगितली. म्हणजे तिने कुऱ्हाड उचलली नाही, ती तिसऱ्याकडे गेली. आरोपींना जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी तिच्या घरावर जमाव गेला.

पुढे भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा केली. हा जातीय अत्याचार आहे, हे दोन्ही कोर्टांनी मान्य केलं नाही, सूड म्हणून पाहिलं. भैयालाल २०१७ मध्ये वारले.

माझ्या आज्याला तारीख मिळाली, एसटी मिळाली, एकोणीस वर्षं मिळाली. सुरेखाबाईला एक संध्याकाळ मिळाली नाही. आज्याच्या भांडणात दोघांची जात एक, नातं एक. हात धरायला शेजारी धावला. खैरलांजीत अख्ख्या गावात हात धरायला कोणी पुढे आलं नाही. "हिंसा कमी झाली" असं म्हणताना हे विचारावंच लागतं, की कोणासाठी?

दुसरी जागा घर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या शंभर बायकांपैकी २९ जणींनी सांगितलं की नवऱ्याने मारहाण किंवा जबरदस्ती केलीय. सांगितलं, एवढ्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये आला. पण शेजारी भिंतीपलीकडून आवाज ऐकतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. "त्यांच्या घरातली गोष्ट आहे." म्हणजे आपणच तिसऱ्याला दाराबाहेर ठेवतो.

तिसरी जागा स्वतःचं मन. २०२२ मध्ये देशात २८ हजार खून झाले, आणि आत्महत्या १,७०,९२४. सहापट. त्यात शेतकरी आहेत, मजूर आहेत, परीक्षा देणारी पोरं आहेत. हात दुसऱ्यावर उचलायचा कमी झाला, पण माणसाच्या आतला कोंडमारा कुठे गेलाय? ऐकणाऱ्यांपैकी कोणाला असं काही वाटत असेल, तर कृपा करून एकट्याने बसू नका. घरातल्या, गावातल्या कोणाला तरी सांगा. टेलिमानस म्हणून सरकारची सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं.

बंदूक खाली ठेवल्यावर

शेवटचं, आणि हे आपल्या जिल्ह्याचं. सालेकसा, देवरी हा भाग कित्येक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. तिथल्या माणसाची अडचण तीच, बंगालच्या शेतकऱ्याची. रात्री एक बंदूकवाला येतो, दिवसा दुसरा. जेवण दिलं तर पोलीस विचारणार, नाही दिलं तर दादा लोक विचारणार. "खबऱ्या" म्हणून किती साधी माणसं मारली गेली. दोन बंदुकांच्या मधे उभा असलेला माणूस दाद कोणाकडे मागेल?

१५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. चांगली गोष्ट झाली, मनापासून म्हणतो. पण पेंढाऱ्यांची गोष्ट आठवा. धाड थांबली हे अर्धं काम. नंतर रिकाम्या जागेत कोण येऊन बसतं, त्यावर पुढचं ठरतं. बंदूक गेल्यावर तिथे तलाठी वेळेवर येणार का, वनहक्काचा दावा निकाली निघणार का, आदिवासी बाईची तक्रार ठाण्यात लिहून घेतली जाणार का? हे झालं तर शांतता टिकेल. नाहीतर नुसती सामसूम.

तर, त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी काय सांगितलं? म्हटलं, "बाबू, आधीचे लोक चांगले नव्हते आणि आताचे वाईट नाहीत. माणूस तोच आहे. माझ्या आज्याच्या हातातही कुऱ्हाड आली होती, तुझ्या-माझ्याही येऊ शकते. फरक पडतो तो मधे येऊन हात धरणाऱ्यामुळे."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काकाजी, त्या व्हिडिओत तं सगळे शूटिंगच करत होते."

मी म्हटलं, "हो. म्हणून तो व्हिडिओ पाहून तुला वाईट वाटलं."

त्यावर तो काही बोलला नाही, मीही नाही. पुस्तकं उघडली. तो पोलीस भरतीची तयारी करतो, हे सांगायचं राहिलं होतं. उद्या वर्दी अंगावर आली तर तिसरा माणूस तोच असेल. कोणाचा हात धरायचा आणि आपल्या हातातली काठी कुठे थांबवायची, हे त्यालाच ठरवावं लागेल.

तुमच्या गावात असा हात धरणारा कोणी होता का, किंवा आहे का? त्याची गोष्ट नक्की कळवा. पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवेन. तोपर्यंत नमस्कार. काळजी घ्या, एकमेकांची पण.